वाऱ्याचे वैरी सदाशिवराव

सेलूच्या बाजारात सदाशिवरावांचं किराणा दुकान कुठं आहे असं कोणी विचारलं, तर लोक दुकानाचं नाव घेत नसत. 'माकडटोपीवाल्याचं का? ते काय समोर,' एवढंच सांगत. कोजागिरी झाली की त्यांच्या डोक्यावर ती तपकिरी माकडटोपी चढे, आणि पोरं होळीसाठी लाकडं चोरायला लागेपर्यंत उतरत नसे. टोपीच्या आत मफलर, मफलरच्या आत कानात कापसाचे बोळे, अंगात एकावर एक दोन स्वेटर आणि सगळ्यांच्या वर लग्नातला कोट. गिऱ्हाइकानं पावशेर डाळ मागितली की हे 'आँ?' म्हणत. त्यानं ओरडून सांगितलं की हे एक बोळा काढून पुन्हा 'आँ?' म्हणत. नवख्या माणसाला वाटे, दुकानात भांडण पेटलंय.

आणि हे सगळं कुठं, तर वर्धा जिल्ह्यात! जिथं उन्हाळ्यात माणसं खिशात कांदा घालून हिंडतात, डांबरी रस्त्याला चपला चिकटतात, तिथं या गृहस्थाला वैर धरायला सापडली ती थंडी. मे महिन्यात लू लागून माणूस आडवा झाला, तर सदाशिवराव नुसते 'च् च्' करत. पण जानेवारीत कोणी शिंकलं, की गादीवरून उठून त्याच्याजवळ जात आणि विचारत, "काल संध्याकाळी पाठीमागून वारा लागला होता का तुले? आठवून पाह्य."

सुलोचनाबाईंना या माणसाबरोबर सारा संसार काढावा लागला. त्यांची जीभ मुळातच तिखट, त्यात असला नवरा. "आमच्या घरी दोनच देव," त्या शेजारणींना सांगत. "एक देवघरातला, अन् दुसरा वारा. पह्यल्याची पूजा पाच मिनिटं, दुसऱ्याची दिवसभर."

त्या पूजेचा विधीही ठरलेला होता. दिवाबत्ती झाली की सदाशिवराव देवापुढची एक उदबत्ती उचलत आणि ती हातात धरून घरभर फिरत. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, कौलाखालची प्रत्येक फट. उदबत्तीचा धूर जरा कुठं कलला, की 'सापडला लेकाचा!' म्हणत खिशातून रुईचा पेळू काढत आणि सळईनं त्या फटीत ठासत. जिनिंगमधला एक ओळखीचा माणूस त्यांना पोतंभर रुई आणून देई, आणि ती पुढच्या वर्षीपर्यंत पुरत नसे. हिशेबात चुकणारा, तराजूत फसणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस फटी बुजवण्यात मात्र एक नंबर होता. एवढी एकच कला देवानं दिली, आणि तीही असली!

"जी, उंदरं तरी येऊ द्या घरात," सुलोचनाबाई म्हणत. "त्यांनी काय गुन्हा केला?"

"तुले काय समजते? वारा घुसते अंगात. एकदा घुसला का निंघत नाई."

"तुमच्यात घुसाले जागा कुठी आहे? दोन स्वेटरं अन् एक कोट. वाऱ्याले तुमचं अंग सापडाले पाह्यजे आधी."

असं रोज चाले. ते बंद करत, या उघडत. सकाळी त्या पदर खोचून घरभर फिरत, तोंडानं नवऱ्याचा उद्धार करत आणि हातानं खिडक्या उघडत. त्या मागं वळल्या, की हे पुन्हा लावत. शेजारपाजारच्यांना त्यांच्या भांडणावरून वेळ कळे. खरं सांगायचं तर त्या घरात मोकळी हवा येत होती ती फक्त सुलोचनाबाईंच्या तोंडामुळं. पण हे तेव्हा कोणालाच, खुद्द त्यांनाही, कळलेलं नव्हतं.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात लेक बाळंतपणाला आली. जया, एकुलती एक. हिंगणीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून महिनाभर आधीच आणली होती. त्या वर्षी थंडीही खरंच कडक पडली. सकाळी मडक्यातलं पाणी हाताला चावत होतं, आणि बाजारात येणारे भाजीवाले टायर पेटवून त्याभोवती बसत होते. सदाशिवरावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. जन्मभर ज्या शत्रूची वर्दी देत आले आणि लोकांनी ज्याला हसण्यावारी नेलं, तो एकदाचा दारात येऊन उभा राहिला होता.

वर्ध्याच्या दवाखान्यात जया सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. गोरी, नाकेली, आणि फुप्फुसं अशी दणदणीत, की दवाखान्यात बाकीच्या बाळंतिणी कंटाळल्या. सदाशिवरावांनी नातीचं तोंड पाहिलं आणि पहिला शब्द काढला, "टोपरं कुठी आहे?"

घरी आणल्यावर जयाला मागच्या खोलीत ठेवली. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. बाळंतीण बाजेवर, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि शेपा. बाजेच्या सुंभातून ऊब वर येते, कंबर शेकते, बाळाचं अंगही तापतं. पण ती खोली वापरणाऱ्या बायकांना इतकंही माहीत असतं, की धूर डोळ्यांत झोंबायला लागला की खिडकी उघडायची. सदाशिवराव बाई नव्हते. त्यांच्या हाती ही खोली आली आणि त्यांनी तिचा किल्ला केला.

खिडकीला आतून बारदाना ठोकला. वरच्या झरोक्यात अख्खी उशी कोंबली. दाराखालच्या फटीला जुनी दुलई. मग उदबत्ती घेऊन कोपरा न् कोपरा तपासला. रुईवर रुई ठासली. शेवटी खोलीच्या मधोमध उभे राहिले, तर उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, काडीसारखा, जराही हलला नाही. त्यांनी सुलोचनाबाईंना हाक मारून तो धूर दाखवला. जन्मात असं यश मिळालं नव्हतं त्यांना. डोळ्यांत पाणी आलं होतं त्या माणसाच्या!

"छान," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आता मुरांबा घाला आतमंदी. बरणी तं झालीच तयार."

आणि त्यांनी फर्रकन बारदाना ओढून खिडकी उघडली. पुढं रोज तेच झालं. दिवसातून चारचारदा त्या आत जात, धुराला शिव्या, नवऱ्याला शिव्या, खिडकी सताड, बाळाला पदराखाली घट्ट. "लेकरू माझ्या अंगाशी आहे, कुंची आहे, दुलई आहे, त्याले कायची थंडी?" थोड्या वेळानं खिडकी लोटून बाहेर आल्या, की सदाशिवराव बारदाना आणि खिळे घेऊन हजरच. जया बाजेवर पडल्या पडल्या हसे. पोरगी टाहो फोडून रडे. सगळं ठीक चाललं होतं.

मग संक्रांतीच्या तोंडावर जयाच्या सासूबाई नात पाहायला आल्या. शकुंतलाबाई नाव. हिंगणीत त्यांची शेती, घरात पाच सुना, आणि प्रत्येक बाबतीत मत. त्या आत आल्या तेव्हा सुलोचनाबाईंनी नुकतीच खिडकी उघडली होती. शकुंतलाबाईंनी हनुवटीवर बोट ठेवलं.

"अगं बाई! ओली बाळंतीण अन् खिडकी उघडी? आमच्याकडं तं बारा दिवस दाराची कडी काढत नाई. आमच्या गावाजवळच्या बोर धरणाचा वारा म्हणजे काय, तुमाले सेलूत काय माहीत!"

"मी हेच सांगून राह्यलो!" सदाशिवराव कोपऱ्यातून पुढं सरसावले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी दुजोरा दिला होता. "पण ऐकते कोण?"

शकुंतलाबाईंनी सुलोचनाबाईंकडं पाहून मान हलवली. "व्याह्यांचंच बरोबर आहे. पाहा, मायपेक्षा बापालेच काळजी जास्त."

एवढं वाक्य पुरलं. सुलोचनाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईनं नऊ महिने डोहाळ्याचे डबे पोचवले, रात्री जागल्या, दुपटी धुतली, तिला काळजी नाही, आणि हा बोळेवाला काळजीवाहू! विहिणीसमोर तोंड उघडता येईना. त्यांनी मुकाट्यानं खिडकी लावली, चहा केला, खणानारळानं ओटी भरून विहिणीची बोळवण केली. मग नवऱ्यापुढं शेगडीचा चिमटा आपटला.

"घ्या. आता तुमचं राज. ठोका खिळे, कोंबा उश्या. मी आता एक शब्द बोलीन तं नाव बदला माझं."

दुसऱ्या दिवशी नालवाडीला त्यांच्या बहिणीकडं, कौशल्याकडं, हळदीकुंकू होतं. बाळंतीण घरात, म्हणून त्या जाणार नव्हत्या. आता मात्र जरीचं लुगडं काढलं. निघताना दाराशी डोकावल्या तर आत शेगडी धगधगत होती आणि सदाशिवराव दाराच्या फटीत दुलई चेपत होते. जया बाजेवरून म्हणाली, "आई, सकाळपासून डोकं जड वाटून राह्यलं."

"बापाले सांग," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि चपला घातल्या.

नालवाडीला त्यांची दुपार अशी रंगली की विचारू नका. तिळगूळ झाला, वाण लुटलं, आणि मग कौशल्या म्हणाली, "सुलू, भाऊजीची उदबत्ती करून दाखव ना!" सुलोचनाबाईंना तेवढंच हवं होतं. डोक्यावरून पदर माकडटोपीसारखा आवळला, हातात उदबत्ती घेतली आणि बहिणीच्या बैठकीत वाकून, दबा धरून, फटी हुंगत फिरल्या. 'सापडला लेकाचा!' म्हणत एका जाड्या बाईच्या अंबाड्यात कापूस खोचला. बायका हसून लोळल्या. एकीला ठसका लागला. "बाई वं, कसं काढलं तुमी एवढं आयुष्य या माणसापाशी?" कोणी तरी विचारलं. "कानात बोळे घालून," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला. पोट दुखेपर्यंत हसून, पुन्हा चहा घेऊन, त्या ऊन कलल्यावर काळीपिवळी जीपमध्ये बसल्या.

घरी आल्या तेव्हा दिवेलागण होत होती. दुकान दुपारपासून बंद. मागच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून सदाशिवराव बसले होते, पहारेकऱ्यासारखे. बायकोला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असं समाधान, की लेकीचं लग्न लागतानाही नव्हतं.

"हळू बोलजो," ते कुजबुजले. "गाढ झोपल्या दोघी. जयाचं डोकं दुखत होतं, उलटीबी झाली. मी म्हटलं, वारा लागला. दोन घमेली निखारे टाकले अजून. तवापासून पाह्य कशा निवांत झोपल्या! पोरगीचा तं दुपारपासून आवाज नाई."

दुपारपासून आवाज नाही!

सुलोचनाबाईंच्या हातातलं वाणाचं ताट खाली पडलं. ती पोर भुकेनं तासाला घर डोक्यावर घेणारी. त्यांनी नवऱ्याला असा धक्का दिला, की स्टूल एकीकडं आणि माणूस एकीकडं. दुलई लाथेनं उडवली, दार ढकललं. आत ऊब होती, ओव्याचा वास होता, आणि धूरसुद्धा फारसा नव्हता. निखारे लालबुंद, शांत. जया बाजेवर तोंड उघडं टाकून पडली होती. हाक मारली तर पापणी हलली नाही. गालावर चापट मारली तर घशातून नुसता आवाज आला. तिच्या कुशीतलं गाठोडं उचललं, तर पोरीची मान लुळी.

त्यांनी बारदाना खिळ्यांसकट उपटला. त्यांचंही डोकं गरगरायला लागलं होतं. पोरीला छातीशी धरून त्या अंगणात पळाल्या आणि जन्मात दिली नव्हती अशी हाक मारली. शेजारचा तानबा काळीपिवळी चालवायचा, तो जेवता जेवता उठून आला. पोर एका हातानं छातीशी तशीच धरून त्यांनी तानबाबरोबर जयाला बाजेसकट बाहेर ओढलं. त्या बोचऱ्या वाऱ्यात, उघड्या आभाळाखाली. आणि सदाशिवराव? ते मागून दुलई घेऊन धावत होते, "अरे वारा! ओली बाळंतीण आहे, वारा लागते तिले!"

"चूप!" सुलोचनाबाई ओरडल्या.

वर्ध्यापर्यंतच्या रस्त्यात तानबानं गाडी नुसती फेकत नेली. जयाचं डोकं आईच्या एका मांडीवर, पोर छातीशी. बाजूचा पडदा वर गुंडाळलेला होता आणि गार वारा सरळ आत येत होता. सदाशिवरावांचा हात आपसूक त्या पडद्याकडं जाई. सुलोचनाबाई त्यावर फटका मारत. थोडं अंतर गेलं की हात पुन्हा जाई. त्या माणसाला आपण काय करतोय तेही समजत नव्हतं. लेक मरायला टेकली होती आणि हाताला फक्त बंद करणं येत होतं. वाटेत कुठं तरी पोरीनं किंचित कुंईकुंई केलं. सुलोचनाबाईंनी तिला अजून वाऱ्याकडं धरलं आणि आयुष्यात कधी नव्हे ते देवाजवळ काही मागितलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. वाचतील म्हणाली. अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असंही म्हणाली. मग तिनं सुलोचनाबाईंना धारेवर धरलं.

"बंद खोलीत शेगडी? निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, बाई. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. बाळाला ऊब द्यायची तर टोपी घाला, पायमोजे घाला, आईच्या अंगाला लावून पांघरूण घाला. शेगडी बाहेर. आणि खिडकी थोडी तरी उघडी. तुम्ही घरात असून एवढंही केलं नाही?"

"ती घरी नोती," सदाशिवराव म्हणाले. "मी होतो. मीच केलं."

डॉक्टरीण त्यांच्याकडं पाहत राहिली. टोपीत, मफलरात, कोटात बांधलेला हा माणूस. मग ती आत गेली.

दोघं बाकावर बसली. सुलोचनाबाईंच्या तोंडात शब्द तयार होते. रस्ताभर त्यांनी ते साठवले होते. एकेक असा, की हा माणूस जन्मभर विसरला नसता. त्यांनी तोंड वळवलं, तर सदाशिवरावांनी टोपी काढली होती, कानांतले बोळेही काढले होते आणि ते हातात चुरगळत होते. त्यांचं टक्कल त्या दिव्याखाली फार केविलवाणं दिसत होतं.

"तू कायले गेली वं?" ते म्हणाले.

"काय म्हटलं?"

"मी तं बंद करणारच. मले तेवढंच येते, तुले माहीत आहे. मी ठोकलं का तू येऊन उपटतच होती ना रोज? शिव्या देऊन उघडतच होती ना?" त्यांनी बोळे बाकावर टाकले. "मी दुपारभर वाट पाह्यली तुझी. मले वाटलं, आता येशीन अन् बोंबलशीन. तू कायले बोलणं सोडलं?"

रागानं विचारलं असतं तर सुलोचनाबाईंना सोपं गेलं असतं. ते रागावलेले नव्हते. लहान पोर विचारतं तसं विचारत होते. त्यांच्या कानात 'बापाले सांग' हे आपलेच शब्द आले, आणि मागोमाग नालवाडीच्या बैठकीतलं बायकांचं हसू. त्या वेळी इकडं जया वांत्या करत होती. एवढी साठवलेली वाक्यं, त्यातलं एकही तोंडातून निघेना. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या. नवऱ्यानं घाबरून आपला मफलर काढला आणि त्यांच्या गळ्यात गुंडाळायला लागला. त्यांनी तो गुंडाळू दिला.

काही दिवसांनी जया घरी आली. अशक्त, पण शुद्धीत. पोरीचा आवाज पूर्वीसारखा दणदणीत. शकुंतलाबाईंनी निरोप पाठवला होता, की कोणाची तरी दृष्ट लागली असणार, ती काढा. तो ऐकून सुलोचनाबाईंनी तोंडातला ओवा थुंकला. शेगडी अंगणात गेली. तिच्यावर विटा तापवून, कापडात गुंडाळून बाळंतिणीच्या पायाशी ठेवायच्या, असं ठरलं. झरोक्यातली उशी सदाशिवरावांनी स्वतःच्या हातानं काढली. खिडकीचा बारदाना काढला, खिळे उपटले, भोकंसुद्धा बुजवली नाहीत.

दुपारी सुलोचनाबाई दुपटी वाळत घालून खोलीत आल्या, तर आत काळोख. खिडकी तर उघडी होती! त्या जवळ जाऊन पाहतात, तर बाहेरच्या बाजूनं गजांना पाठ लावून सदाशिवराव उभे. दोन्ही स्वेटर, कोट, टोपी, हात फाकवलेले, आणि थंडीनं दात कडकड वाजत होते. डॉक्टरीण म्हणाली म्हणून खिडकी उघडली होती, आणि वाऱ्याला आत जाऊ द्यायचं जिवावर आलं म्हणून स्वतःच तिच्यात येऊन उभे राहिले होते. बारदान्यानं अडली नसती इतकी हवा त्या देहानं अडवली होती.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"काई नाई. तिच्या अंगावर थेट येते ना. मी उलीसा अडवतो, बाकीचा जाऊ देतो."

सुलोचनाबाईंना हसू येईना, रडू येईना. असला मूर्ख साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल! आणि नातीसाठी असं वाऱ्यात उभं राहणारा भेकडही दुसरा नसेल, हेही त्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवण्यात धोका होता. त्यांनी पदर खोचला, गजांतून हात घालून त्यांच्या कोटाला गुद्दा हाणला आणि सुरुवात केली. बावळट म्हटलं, बारदाना म्हटलं, त्यांच्या टोपीला, रुईला, जिनिंगवाल्या दोस्ताला, कोणाला सोडलं नाही. शेजारणी दारात आल्या. बाजेवर जया हसायला लागली, पोरगी दचकून रडायला लागली. सदाशिवराव सरकले तरी सुलोचनाबाई बोलतच राहिल्या. थांबायची आता त्यांची हिंमत नव्हती.